‘लिटरली मेले!’ – ‘अक्षरशः’ची वाट नक्की कोणी लावली?

तळटीप

मंडळी, एक धागा काढतेय. मी सबटायटल्सचं मराठी करते. गेल्या आठवड्यात एका इंग्रजी मालिकेत एक मुलगी मैत्रिणीला फोनवर सांगते, “आय लिटरली डाइड!” झालेलं एवढंच असतं, की बॉसने तिला लिफ्टमध्ये पायजम्यावर पाहिलेलं असतं. मी लिहिलं, “मी अक्षरशः मेले!” फाईल परत आली, वर शेरा: “पात्र जिवंत आहे. ‘अक्षरशः’ काढा. मूळ इंग्रजीही चुकीचंच आहे.”

काढायला माझी ना नाही, पैसे तेवढेच मिळतात. पण “मूळ इंग्रजीही चुकीचं” हे काही घशाखाली उतरेना.

‘लिटरली’च्या मुळाशी लॅटिन ‘लिटेरा’ आहे, म्हणजे अक्षर. मध्ययुगात बायबलच्या एकेका वचनाचे चार अर्थ लावत, त्यातला पहिला सरळ अक्षरांतून निघणारा, तो ‘लिटरल’. म्हणजे शब्दाचं घराणं अगदी सोवळं. पण १७०८ मध्ये कवी अलेक्झांडर पोप एका पत्रात लिहितो, की माझा प्रत्येक दिवस म्हणजे लिटरली आणखी एक ‘काल’च, कारण तो एक्झॅक्टली तसाच असतो. अचूकपणाचे दोन शब्द एका वाक्यात, आणि त्यातला पहिला नुसता टेबलावर मूठ आपटायला. पुढे १७६९ मध्ये फ्रान्सिस ब्रुकच्या ‘एमिली माँटेग्यू’ या कादंबरीत एका माणसाचं नशीब वाखाणलंय: आल्या आल्या इतक्या सुंदर बायकांच्या घोळक्यात शिरायला मिळालं, म्हणजे हे लिटरली कमळांमध्ये चरणंच! (लिलीला कमळ म्हणणं हीही तडजोडच, पण असो.) १८७६ मध्ये मार्क ट्वेनचा टॉम सॉयर कुंपणाला चुना लावायचं काम पोरांच्या गळ्यात मारतो आणि दुपारपर्यंत ‘लिटरली संपत्तीत लोळतो’. संपत्ती कसली, तर बारा गोट्या, एकडोळ्या मांजराचं पिल्लू आणि दोरीला बांधलेला मेलेला उंदीर. जेम्स जॉईसच्या १९१४ च्या ‘डब्लिनर्स’मधल्या शेवटच्या कथेचं पहिलंच वाक्य सांगतं, की लिली नावाच्या मुलीचे पाय लिटरली तुटायची वेळ आली होती.

अडीचशे वर्षं चांगले चांगले लेखक जी चूक करतात, तिला चूक म्हणायचं का?

शाईचा डाग

म्हणायचं. चाळीस वर्षं मुद्रितशोधन केलंय, ‘मोठमोठ्या लेखकांनी वापरलंय’ हे रोज ऐकायचो. ते मोठमोठे लेखक ‘आणी’सुद्धा लिहायचे, आम्ही निमूटपणे पहिली करायचो.

ताई, तुमचे साक्षीदार उलटतपासणीत टिकायचे नाहीत. ट्वेन विनोद करतोय. मेलेला उंदीर मोजून दाखवायचा आणि वर ‘लिटरली संपत्ती’ म्हणायचं, यातली गंमत त्या शब्दाचा कडक अर्थ वाचकाच्या मनात जिवंत आहे म्हणूनच कळते. जॉईसच्या वाक्यात तर लेखक बोलतच नाहीये. लिली ही वॉचमनची मुलगी, धावपळ करून दमलेली, ती जशी बोलली असती तसं वाक्य त्याने टाकलंय. म्हणजे तिच्या बोलीची नक्कल! तिला व्याकरणाचा दाखला म्हणून उभं करणं म्हणजे नाटकातल्या चोराचं वाक्य पोलिसांत जबानी म्हणून देणं.

आणि ब्रुकबाईंची कमळं बायबलातली आहेत. सॉलोमनच्या गीतात प्रियकर लिलींमध्ये चरतो असं वचन आहे. ‘लिटरली’ म्हणजे तिथे ‘ग्रंथात लिहिलंय अगदी त्या शब्दांत’ असाही अर्थ निघतो. तसं असेल तर तुमची ही जुनी चूक चूकच नव्हे, उलट सगळ्यात काटेकोर वापर झाला.

उरला पोप. तो खरंच कंटाळला असावा.

लीड्सचा पावसाळा

ब्रुकबाईंचा मुद्दा भारी, मला कधी सुचला नव्हता. पण काका, एवढ्याने सुटका नाही.

इथे २०१३ च्या ऑगस्टमध्ये या एका शब्दावरून केवढा गहजब झाला होता. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाने ‘लिटरली’चा नवा, जोर देण्यापुरता अर्थ घातलाय असं पेपरांना कळलं आणि ‘इंग्रजी मेली’ अशी बोंब ठोकली गेली (लिटरली मेली म्हणे). गंमत म्हणजे ती नोंद २०११ मध्येच झाली होती. भाषेच्या या पहारेकऱ्यांनी दोन वर्षं कोश उघडलाच नव्हता. शिवाय हा वापर अनेकांना खटकतो, मूळ अर्थ उलटा होतो, हेही त्या नोंदीत स्वच्छ लिहिलंय. कोशाने परवानगी दिली नव्हती, पंचनामा केला होता.

अमेरिकेत मेरियम-वेबस्टरच्या मोठ्या कोशाने तर हा अर्थ १९०९ मध्येच घेतला. आणि त्याच १९०९ मध्ये अँब्रोज बिअर्सने चुकांची यादी म्हणून जे पुस्तक काढलं, त्यात याच वापराला झोडपलंय. एकाच वर्षी एकाने वहीत नोंदवलं, दुसऱ्याने छडी मारली. १९२६ मध्ये इंग्रजीच्या वापराचा कोश लिहिणाऱ्या फाउलरनेही कपाळावर हात मारून घेतला: जिथे ‘शब्दशः नव्हे हं, आपलं म्हणायचं म्हणून’ असं सांगायला हवं, तिथेच आपण नेमका हा शब्द घालतो. मला फाउलरचं दुःख कळतं. पण शंभर वर्षं छड्या खाऊनही शब्द सुधारला नाही, तर छडीबद्दल विचार करावा की नाही?

कोर्टपायरी

छडी लागतेच, कारण किंमत दुसरंच कोणी मोजतं. मी मराठी जबान्यांचं इंग्रजी करतो, अपिलासाठी. चेक बाउन्सची एक केस होती. फिर्यादी साक्षीत म्हणाला, “साहेब, यानं माझा अक्षरशः गळा कापला.” मी तेव्हा नवा, उत्साही. लिहून मोकळा झालो, की आरोपीने फिर्यादीचा गळा ‘लिटरली’ कापला. वकीलसाहेबांनी वाचून चष्मा काढला आणि विचारलं, “मग साक्ष कोणी दिली?”

हसण्यावारी गेलं, कारण गळा होता. रक्कम असती तर? ‘अक्षरशः शंभर वेळा फोन केला’ यात शंभर हा आकडा आहे की वैताग? जबानी वाचणाऱ्याला साक्षीदाराचा चेहरा दिसत नसतो, त्याच्यापुढे फक्त कागद असतो. जुन्या नकलांवर ‘अस्सल बरहुकूम’ लिहीत. उद्या तेही नुसतं जोर द्यायला लिहू लागले तर बघा!

एक जुना निकाल सांगतो, इंग्लंडमधला, १८६८ चा. व्हाइटली विरुद्ध चॅपेल. एकाने मेलेल्या माणसाच्या नावावर मत द्यायचा प्रयत्न केला. कायद्याची भाषा अशी, की ‘मतदानाचा हक्क असलेल्या व्यक्तीची’ बतावणी करणं हा गुन्हा. न्यायालय म्हणालं, मेलेल्याला कुठे हक्क असतो? सुटला! शब्द जसे आहेत तसेच वाचायचे, या तिथल्या नियमालाच ‘लिटरल रूल’ म्हणतात. आता ताईंची नायिका ‘लिटरली मेली’ असेल तर तिच्या नावावर कोणीही खुशाल मतदान करावं.

शाईचा डाग

कोर्टपायरी, +१. हा निकाल वहीत उतरवून घेतला.

बे एके बे

पण हा निकाल तर उलट बाजूचा आहे! अक्षराला चिकटून बसल्यावर किती वेडगळपणा होतो याचंच उदाहरण वकिलीच्या पोरांना त्यातून शिकवतात. तुम्ही स्वतःच्याच गोलमध्ये बॉल मारलात.

आता मूळ मुद्दा. खरेपणाची हमी देणारा शब्द झिजतोच. इंग्रजी ‘व्हेरी’ हा जुन्या फ्रेंच ‘व्हेराय’वरून आला, म्हणजे खरा, लॅटिन ‘व्हेरुस’. आज ‘व्हेरी गुड’मध्ये खरेपणा शोधून दाखवा. ‘रिअली’चं तेच. ताबडतोबीचे शब्दही असेच ढिले पडलेत: ‘सून’ म्हणजे एकेकाळी तत्क्षणी, ‘अनॉन’ तसंच, ‘प्रेझेंटली’सुद्धा. ‘आलोच’ म्हणणारा माणूस जगात सगळीकडे सारखाच.

आणि इंग्रजीला कशाला नावं ठेवायची? आपला ‘साक्षात’ बघा. ‘स-अक्ष’, म्हणजे डोळ्यांसमोर, प्रत्यक्ष. याहून कडक हमी कुठली? आणि आपण म्हणतो, “साक्षात यम दारात उभा!” दारात वसुलीवाला असतो. ‘साक्षात लक्ष्मी’ म्हणून ज्या सुनेचं कौतुक होतं, तिला चार हात नसतात (कामं चार हातांची असली तरी). ‘साक्षात’ बिघडला म्हणून कोणी धागा काढला नाही. ‘लिटरली’ आज बिघडताना दिसतोय, आणि तरुण पोरी तो जास्त वापरतात असा आपला समज आहे, म्हणून एवढा राग. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमधल्या एका बारने पाटी लावली होती, की ‘लिटरली’ म्हणालात तर पाच मिनिटांत ग्लास संपवून चालू पडा. ‘ऑनेस्टली’ म्हणणाऱ्याला कोणी का काढत नाही?

शाईचा डाग

‘साक्षात’चं मान्य. पण त्याच्या पोटात शिरून बघा. ‘साक्षात यम’ म्हणताना मी यम आणि वसुलीवाला शेजारी शेजारी उभे करतो, ते रूपकच आहे. ‘अक्षरशः’चं काम वेगळं. संस्कृतातला ‘शस्’ प्रत्यय: क्रमशः, खंडशः, शतशः. एकेक करून. अक्षरशः म्हणजे एकेक अक्षर घेऊन, जसं आम्ही प्रुफं वाचायचो. एक जण मोठ्याने, दुसरा मूळ प्रतीवर बोट ठेवून, वेलांटीसकट. ते बोट एका अक्षरावरून सरकलं की संपलं. त्या कामाचा शब्द “पाऊस अक्षरशः कोसळला” या बातमीत बघितला की माझं बोट आजही थांबतं. पाऊस कसा कोसळला? वेलांटीसकट?

भिंगरी

मी फिजिओथेरपिस्ट. रोज ऐकते: “मॅडम, पाय अक्षरशः लाकूड झालाय.” एखादा म्हणतो, “जरा बधिर वाटतंय.” पहिल्याच्या पायाला टोचलं तर तो ओरडतो. दुसऱ्याला काहीच कळत नाही, आणि मग मी विचारते की लघवी होतेय ना नीट, आणि डॉक्टरांना फोन लावते. जो ‘जरा’ म्हणाला त्याची खरी घाई होती.

म्हणून कोर्टपायरींचं पटत नाही. अचूकपणा क्रियाविशेषणावर सोपवायचाच नसतो. ‘शंभर वेळा’ म्हणजे शंभर का, ते तिथेच, साक्षीदार समोर असताना विचारायला हवं. विचारलं नाही तो दोष शब्दाचा?

कोर्टपायरी

मॅडम, तुमच्याकडे टाचणी आहे. माझ्याकडे साक्षीदार पोचतो तो आठ वर्षांनी आणि टाईप होऊन. मी कोणाला टोचू?

(बे एके बे, तुमचा गोलचा मुद्दा मान्य.)

जोबर्गकर

अवांतर: आमच्याकडे दक्षिण आफ्रिकेत ‘जस्ट नाउ’ म्हणजे आत्ता नव्हे, नंतर कधीतरी. ‘जस्ट’चा जुना अर्थ बरोब्बर, नेमका. इथे आलो त्या पहिल्या आठवड्यात प्लंबर ‘जस्ट नाउ’ म्हणाला आणि मी दाराशी खुर्ची टाकून बसलो. संध्याकाळी शेजाऱ्याने अर्थ सांगितला.

लीड्सचा पावसाळा

शाईकाका, तुमच्या बोटाबद्दल आदर आहे. पण एक बघा. काटेकोर कामासाठी मराठीने ‘शब्दशः’ राखून ठेवलाय. ‘शब्दशः भाषांतर’ म्हणतो, ‘शब्दशः रडकुंडीला आलो’ कोणी म्हणत नाही. ‘तंतोतंत’सुद्धा शाबूत आहे, धाग्याला धागा. ‘हुबेहूब’ही. एक भाऊ गावभर हिंडतो, बाकीचे दुकान सांभाळतात. इंग्रजीची पंचाईत ही, की तिथे सगळा भार एकट्या ‘लिटरली’वर. म्हणूनच तिकडे इतकी आरडाओरड.

शाईचा डाग

हे बरं सांगितलंत. पूर्ण पटलं नाही, पण रात्री विचार करीन. हिंडणारा भाऊ बाकीच्यांना बिघडवतो असा माझा अनुभव आहे.

तळटीप

सगळ्यांचे आभार. ब्रुकबाईंबद्दल मी माघार घेते, बाकीच्यांबद्दल नाही. ट्वेनच्या विनोदाला कडक अर्थ जिवंत लागतो हे खरं, पण मग दीडशे वर्षं विनोद होऊनही तो मेला नाही हेही खरंच ना?

कामाचं सांगते. ओळीला ४२ अक्षरांची मर्यादा, आणि मुलगी भराभर बोलते. रात्री आईला फोनवर सहज विचारलं, असं झालं तर तू काय म्हणशील? आई म्हणाली, “मेलेच मी!” एका ‘च’मध्ये काम झालं. ‘आजच’, ‘हाच’, ‘तूच’ यांत हा ‘च’ बरोब्बर बोट ठेवतो, आणि ‘मेलेच’मध्ये बिनदिक्कत खोटं बोलतो. आजवर कोणी त्यावर शेरा मारलेला नाही. तेच पाठवलं.

उत्तर आलंय: “‘मेलेच’ चालेल. भाग ६ मध्ये ‘एक्झॅक्टली’ला सगळीकडे ‘अगदी’ केलंय, ते पुन्हा बघा.”

शाईचा डाग

‘एक्झॅक्ट’ हे इंग्रजीत क्रियापदही आहे बरं का. अर्थ: वसूल करणे. भाग ६ ला हात लावण्याआधी दुरुस्तीचे वेगळे पैसे मागा.