लार्पचे ऑनलाइन सामूहिक कथालेखन करायचे आहे : काय ठेवावे आणि काय सोडावे?

प्रश्न : पूर्वभागकर (सोलापूर)

सर्वांना नमस्कार. आमचा सोलापुरातील एक छोटा गट गेली काही वर्षे स्वतः रचलेला एक लार्प खेळत आला आहे. ज्यांना हा प्रकार परिचित नाही त्यांच्यासाठी सांगतो, की यात लिहिलेली संहिता नसते आणि प्रेक्षकही नसतात; प्रत्येकाला एक पात्र दिले जाते आणि ठरलेला वेळ संपेपर्यंत त्याने त्या पात्राच्या भूमिकेतूनच बोलायचे, वागायचे आणि निर्णय घ्यायचे असतात.

आमचा खेळ मे १९३० मध्ये घडतो. गांधीजींच्या अटकेनंतर शहरात उसळलेला क्षोभ, ८ मेचा गोळीबार, पोलीस निघून गेल्यावर ९ ते ११ मे या तीन दिवसांत स्वयंसेवकांनी सांभाळलेला शहराचा कारभार आणि १२ मे रोजी पुकारला गेलेला मार्शल लॉ हा इतिहास सोलापूरकरांना सांगायला नको. आम्ही त्या तीन दिवसांतील पूर्व भागातली एक काल्पनिक चाळ घेतली आहे. तिथे गिरणीतला जॉबर (कामगार भरणारा मुकादम) आहे, कामासाठी त्याला दस्तुरी, म्हणजे लाच, देऊन देऊन कंटाळलेला बदली कामगार आहे, हातमागावर बसणारे पद्मशाली कुटुंब आहे, खानावळ चालवणारी विधवा आहे, मास्तर आहेत आणि पोलिसांना बातम्या पुरवणारा एक खबऱ्याही आहे, जो कोण हे त्याच्यावाचून कोणालाही ठाऊक नसते. प्रत्येक खेळाडूला त्याच्या पात्राची पानभर चिठ्ठी मिळते. तिन्ही दिवस एकाच संध्याकाळी खेळून होतात आणि गिरणीचा भोंगा वाजला की पुढचा दिवस उजाडला असे आम्ही मानतो.

आता गटातील निम्मे लोक नोकरीनिमित्त पुणे, हैदराबाद आणि बेंगळुरू येथे गेले आहेत. त्यामुळे हाच खेळ काही महिने चालणाऱ्या ऑनलाइन सामूहिक कथेच्या रूपात लिहावा, असा विचार आहे. अडचण अशी, की प्रत्यक्ष खेळात चाळीच्या चार कोपऱ्यांत चार वेगवेगळी संभाषणे एकाच वेळी चाललेली असतात, आणि नेमके आपल्याला जे ऐकू येत नाही त्यातूनच खेळ रंगतो. लिहिलेले मात्र सगळे सगळ्यांना दिसते. शिवाय मारामारी किंवा झडतीसारखा प्रसंग लेखनात कसा सोडवावा, आणि दिवसातून दहा वेळा लिहिणारा व आठवड्यातून एकदा लिहिणारा यांना एकाच कथेत कसे बांधावे, हेही कळत नाही. ज्यांनी असे रूपांतर केले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : नेपथ्य

आपला खेळ फार आवडला. माझ्या मते आपण प्रसंग कसे हलवावेत याचा विचार करत आहात, तर आधी अधिकारांचा विचार करायला हवा. कोणते पात्र कशाविषयी लिहू शकते आणि कोणाच्या वतीने लिहू शकते, हे एकदा पक्के झाले की प्रसंग आपोआप जुळत जातात.

कोकणातल्या दशावतारात नाटक लिहिलेले नसते. प्रयोगाआधी कथेचा आराखडा सांगितला जातो आणि संवाद नट रंगमंचावरच रचतात. हे साधते याचे कारण समोरचा नट कुठे थांबला, त्याने आवाज कधी चढवला, तो आपल्याला वाव देतो आहे की अडवतो आहे, हे त्या क्षणी दिसत असते. आपल्या लार्पमध्येही हेच घडत असणार. लेखनात हा दुवा तुटतो, आणि मग उत्साही खेळाडू समोरच्याची वाट न पाहता दोघांचेही काम उरकून टाकतो. तो लिहितो, ‘मी खबऱ्याची गचांडी धरून त्याला जिन्यावरून खाली ढकलले आणि तो रडत सगळे कबूल करून बसला.’ ज्याचे ते पात्र आहे त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी फोन उघडावा तर त्याच्या पात्राची तीन दिवसांची कमाई एका वाक्यात संपलेली असते. एकाने लिहायचे आणि मग दुसऱ्याने उत्तर द्यायचे, अशा पत्रलेखनाच्या धाटणीने चालणाऱ्या बहुतेक ऑनलाइन कथा अशाच वाक्यांवर फुटतात.

म्हणून माझ्या गटात पहिला आणि सर्वांत कडक नियम हा आहे, की आपल्या पात्राचा प्रयत्न लिहावा, त्याचा परिणाम दुसऱ्याला लिहू द्यावा. ‘मी त्याची गचांडी धरायला हात पुढे केला’ इथे थांबावे. पुढे काय झाले हे ज्याची मान पकडली जाणार आहे तो ठरवील. हे वाचायला अन्यायकारक वाटते, कारण तो दर वेळी निसटेल अशी भीती असते. पण मार खाणारे, पकडले जाणारे, हरणारे पात्र अधिक संस्मरणीय होते हे खेळाडूंना लवकरच उमगते, आणि मग ते स्वतःहून हरायला तयार होतात. नॉर्डिक (उत्तर युरोपातील) देशांतील लार्पमध्ये जाणीवपूर्वक हरण्यासाठी खेळण्याची ही वृत्ती चांगलीच रुजलेली आहे. १९९७ साली ऑस्लोमध्ये सुरू झालेल्या आणि पुढे आळीपाळीने नॉर्डिक देशांत भरणाऱ्या त्यांच्या वार्षिक संमेलनात अशा पद्धतींवर बरीच चर्चा होत आली आहे.

जिथे दोघेही मागे हटायला तयार नसतील तिथे मात्र निवाडा लागतो. ‘व्हॅम्पायर : द मास्करेड’ या १९९१ च्या, टेबलाभोवती बसून पात्रांच्या भूमिकेतून खेळायच्या खेळाचे लार्प-रूप १९९३ मध्ये आले, तेव्हा फासे बाजूला ठेवून हातांनी खेळायचा दगड-कागद-कात्री हा मार्ग त्याच्या निर्मात्यांनी स्वीकारला. आपण तसे काही वापरत असाल तर ते लेखनात तसेच आणू नका. एकाने मंगळवारी ‘दगड’ लिहायचे आणि दुसऱ्याने गुरुवारी ‘कागद’ लिहायचे, यात अर्थ नाही. त्याऐवजी सूत्रधाराने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, फासा टाकावा, निकाल आधी दोघांनाही कळवावा आणि मग दोघांनी मिळून तो प्रसंग लिहावा. निकाल आधी आणि वर्णन नंतर हा क्रम उलटला, की लिहिलेले खोडावे लागते, आणि लिहिलेले खोडण्याइतके कोणालाच काही खुपत नाही.

उत्तर : धोटा

गुप्ततेच्या प्रश्नावर लिहितो, कारण बाकीचे वर आलेच आहे.

एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी १९७८ मध्ये ‘मड’ नावाचा निव्वळ मजकुरावर चालणारा, अनेकांनी एकत्र खेळायचा संगणकीय खेळ सुरू केला. त्यात चित्र नव्हते, पण खोल्या होत्या. खेळाडू ज्या खोलीत असेल तिचे वर्णन आणि तिथले बोलणे एवढेच सहसा त्याच्यापर्यंत पोहोचत असे. आपल्याला हवे ते इतके साधे आहे. चाळीचा एक नकाशा काढा आणि डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर प्रत्येक जागेसाठी एक चॅनेल (वेगळा कप्पा) करा : खानावळ, जॉबरची खोली, मागघर, जिना, नळ. डिस्कॉर्डमध्ये कोणाला कोणते चॅनेल दिसावे हे भूमिकेनुसार ठरवता येते, म्हणून जे पात्र खानावळीत शिरले त्यालाच खानावळीतले बोलणे दिसेल, अशी व्यवस्था सूत्रधाराला काही क्लिकमध्ये करता येते. व्हॉट्सॲपच्या एकाच ग्रुपवर हे जमणार नाही, आणि प्रत्येक खोलीसाठी वेगळा ग्रुप केला तर लोक आठवडाभरात वैतागतील.

एक गोष्ट मात्र मुद्दाम करा. प्रत्यक्ष चाळीत भिंतीपलीकडचे अर्धेमुर्धे ऐकू येते आणि त्या अर्ध्या ऐकण्यावरच संशय वाढतो. चॅनेल मात्र एक तर पूर्ण उघडे असते किंवा पूर्ण बंद. म्हणून सूत्रधाराने अधूनमधून एका खोलीतले एखादे तुटके वाक्य उचलून शेजारच्या खोलीत टाकावे, कोण बोलले हे न सांगता. आपला खबऱ्या यावरच जगेल.

वेगाविषयी थोडक्यात : कथेतल्या एका दिवसाला खऱ्या आयुष्यातले दोन ते तीन आठवडे द्या आणि शेवटची तारीख आधीच जाहीर करा. त्या तारखेला सूत्रधाराने सर्व चॅनेलमध्ये एकाच वेळी भोंगा वाजवावा, म्हणजे तसा संदेश टाकावा, आणि अर्धवट राहिलेले संभाषण तिथेच सोडून सर्वांनी पुढच्या दिवसात यावे. जो आठवड्यातून एकदा लिहितो त्याला असे पात्र द्यावे ज्याचे कमी येणे कथेतच शोभते. बदली कामगार काम शोधत फिरतो, तो रोज चाळीत कशाला दिसेल? जॉबर किंवा खानावळवाली मात्र रोज लिहिणाऱ्यांकडेच असू द्या, कारण बाकीच्यांचे प्रसंग त्यांच्यावाचून अडतात.

उत्तर : काळी माती

एवढा खटाटोप करण्यापेक्षा व्हिडिओ कॉलवर खेळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. २०२० च्या टाळेबंदीत जगभरच्या अनेक गटांनी लार्प तसेच खेळले, आणि खास व्हिडिओ कॉलसाठी रचलेले खेळही उपलब्ध आहेत. चेहरा दिसतो, आवाज ऐकू येतो आणि वेगळ्या खोल्याही करता येतात. लिहिलेली कथा म्हणजे कथाच. तिला लार्प कशाला म्हणायचे?

पूर्वभागकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काळी माती यांचा आक्षेप रास्त आहे, परंतु आमच्यातले काही जण रात्रपाळीत असतात आणि दोघींची मुले लहान आहेत, त्यामुळे सर्वांची एक वेळ जुळणे जवळपास अशक्य आहे. शिवाय ‘कथा’ हा शब्द आम्हाला नकोसा नाही. खेळ संपल्यावर त्यातून वाचण्याजोगे काही उरावे असे आता वाटू लागले आहे. प्रयत्न लिहिण्याचा नियम आणि खोल्यांचे चॅनेल हे दोन्ही आम्ही स्वीकारत आहोत.

यातून आणखी दोन प्रश्न उभे राहतात. आमच्या खेळात मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चार हुतात्म्यांचा उल्लेख येतो. खेळाडूंपैकी कोणी त्यांची भूमिका करत नाही, पण चाळीतले लोक त्यांच्याविषयी बोलतात, त्यांचे निरोप सांगतात. लेखनातही हे चालेल का? आणि पद्मशाली कुटुंब खेळणारे आमचे मित्र घरी तेलुगू बोलतात व खेळातही बोलायचे. लेखनात त्यांनी काय करावे?

उत्तर : मसुदा

पहिल्या प्रश्नाबाबत मी आपल्यापेक्षा अधिक कडक राहीन. प्रत्यक्ष खेळात ‘त्यांनी असा निरोप दिला आहे’ असे एखादे पात्र म्हणाले, तर ते वाक्य त्या संध्याकाळीच विरून जाते. तेच वाक्य लिहिले गेले, की त्याचा स्क्रीनशॉट काढून कोणीतरी कुठेतरी पाठवते, आणि काही महिन्यांत ते हुतात्म्यांचे खरे उद्गार म्हणून फिरू लागते. ज्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिले गेले त्यांच्या तोंडी आपण रचलेले शब्द घालण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्यांचे नाव घ्यावे, त्यांच्याविषयी चाळीत काय वाटते ते लिहावे, पण त्यांचे म्हणून एकही वाक्य अवतरणात येऊ देऊ नये. निरोप हवाच असेल तर तो काल्पनिक स्वयंसेवकाकडून यावा. आपली कथा ११ मेच्या रात्री थांबते, तेव्हा पुढच्या खटल्याचे आणि शिक्षेचे ज्ञान पात्रांना असता कामा नये, हेही सूत्रधाराने जपावे. लिहिताना विचार करायला वेळ मिळतो आणि त्यामुळेच पात्रे भविष्य माहीत असल्यासारखी शहाणी बोलू लागतात.

तेलुगूचे उत्तर सोपे आहे. त्यांनी तेलुगू संवाद देवनागरीत लिहावेत आणि भाषांतर त्यांच्या घरच्या चॅनेलमध्येच असावे. मराठी पात्रांना चाळीत ते जितके कळले असते तितकेच इथेही कळू द्या. वाचण्याजोगी प्रत तयार करताना तळटीप देता येईल.

कोणी विचारले नाही तरी एक मुद्दा मांडतो. या कथेत संशय आहे, जात आहे, विधवेकडे पाहणाऱ्या नजरा आहेत, आणि खबऱ्याला सगळ्यांनी मिळून घेरण्याचा प्रसंग येणार हे उघड आहे. समोरासमोर खेळताना एखाद्याला त्रास होतो आहे हे डोळ्यांना दिसते. लेखनात तो फक्त गप्प होतो, आणि गप्प होणे म्हणजे कामात असणे असे बाकीचे समजतात. नॉर्डिक लार्पमध्ये खेळ पूर्ण थांबवण्यासाठी एक आणि त्याचा जोर कमी करण्यासाठी दुसरा असे दोन ठरलेले शब्द असतात. आपण दोन रंगांची चिन्हे ठरवावीत. लाल आले की तो प्रसंग तिथेच बंद करायचा, पिवळे आले की पुढचे तपशील न लिहिता एका ओळीत प्रसंग पार करायचा. कारण विचारायचे नाही. खबऱ्या खेळणाऱ्याशी सूत्रधाराने खेळाबाहेर दर आठवड्याला बोलावे, कारण महिनोन्‌महिने मित्रांशी खोटे बोलण्याचा ताण एका संध्याकाळच्या खोट्यापेक्षा फार वेगळा असतो.

आता प्रकाशनाचे. आपल्याला यातून वाचण्याजोगे काही उरावे असे वाटते म्हणून सांगतो, की १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ज्या कृतीत एकाचा वाटा दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नाही तीच संयुक्त लेखनाची कृती ठरते. आपल्या चॅनेलमध्ये मात्र प्रत्येक मजकूर कोणाचा हे नावानिशी दिसणार आहे. म्हणजे ज्याने जे लिहिले त्याचा हक्क त्याच्याकडेच राहील, असे धरून चालावे. पुढे कोणी एकाने रागावून ‘माझे लिखाण काढून टाका’ म्हटले, तर पूर्ण चाळ कोसळेल. म्हणून पहिला भोंगा वाजण्याआधीच सर्वांकडून लेखी संमती घ्यावी. त्यात संपादनाचा अधिकार कोणाला, नावे कोणत्या क्रमाने, आणि एखादा खेळाडू मध्येच सोडून गेला तर त्याच्या पात्राचे काय करायचे, एवढे स्पष्ट असावे. शेवटच्या बाबतीत माझी सूचना अशी, की सोडून जाणाऱ्यानेच आपल्या पात्राची एक्झिट लिहावी. त्याने दोन आठवड्यांत ती लिहिली नाही, तर सूत्रधाराने त्या पात्राला बार्शीला नातेवाइकांकडे पाठवून द्यावे.

पूर्वभागकर

संमतीचा मसुदा या रविवारी तयार करतो. तेलुगू संवादांची व्यवस्था मित्रांना फार आवडली. त्यांनी लगेच विचारले, की मग आमच्या घरच्या चॅनेलमध्ये जॉबरला शिव्या दिल्या तर चालतील का. चालतील, असे मी कळवले आहे.