अनुभव धागा (गोवा) : ग्रामसभा, कचेरी, मैदान – तोंड उघडलं तेव्हा काय झालं?

बार्देशकरीण
रविवारी आमच्या ग्रामसभेत एका काकांच्या हातातला माईक शिपायाने काढून घेतला. काका पंचाहत्तरीचे. डोंगर कापायला परवानगी कुणी दिली, एवढंच विचारत होते. सरपंच म्हणे, "काका, हा विषय अजेंड्यावर नाही." काका बसले नाहीत. बिनमाईकचे असे ओरडले की बाहेर जीपमध्ये बसलेल्या पोलिसानेही दारातून डोकावून पाहिलं.

मला आजोबा आठवले. पोर्तुगीज काळात त्यांच्या लग्नाची पत्रिका आधी सेन्सॉरकडे गेली, शिक्का घेऊन आली, मग छापखान्यात. हो, लग्नाची पत्रिका! "इष्टमित्रांसह अगत्य येण्याचे करावे" या ओळीवर कारकुनाने विचारलं होतं, म्हणजे नक्की किती माणसं जमवणार? आजोबा हे सांगताना खो खो हसायचे. आजी हसायची नाही.

तर सांगा. गावात, वाड्यावर, कचेरीत बोललात तेव्हा काय झालं? किंवा बोलला नाहीत, तर का? पक्षांची भांडणं नकोत.

फोंड्याची वहिनी
आमच्याकडे माईक काढत नाहीत, वीज जाते. नेमकी जमाखर्चाचं वाचन सुरू झालं की.

काणकोणचो पात्रांव
आजी का हसायची नाही ते सांग आधी

बार्देशकरीण
तिचे वडील तेव्हा आग्वादच्या तुरुंगात होते. लेकीच्या लग्नाला सोडलं नाही. बाकी नंतर लिहिते, कुकर शिट्ट्या देतोय.

खाणपट्ट्यातला
इथे सरकार लांबच राहिलं. ट्रक कुणाचा? मामाचा. लाल धूळ कुणाच्या शेतात? आमच्या. कॉलेजात असताना ग्रामसभेत उभा राहून म्हणालो की शाळा भरायच्या-सुटायच्या वेळेला ट्रक थांबवा. खाण बंद करा म्हणालो नाही. त्या चवथीला वाड्यावरचं एक माणूस आमच्याकडे आरतीला आलं नाही. माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळा-पानांची आरास, आईने एकटीने बांधली, मी स्टूल धरून उभा. घुमट धाकट्या भावाने वाजवलं, त्याला ताल म्हणजे काय ते आजही माहीत नाही. पोलीस नाही, कलम नाही, काही नाही. फक्त कुणी आलं नाही.

२०१२ला खाणी बंद पडल्या तेव्हा तेच मामा पडवीवर येऊन बसले आणि म्हणाले, "तुमच्यासारख्यांमुळे." मी काय बोलणार, बँकेचा हप्ता किती ते मला ठाऊक होतं.

फोंड्याची वहिनी
वाचून कसंतरीच झालं. यंदा आमच्याकडे या चवथीला. आमच्याकडे घुमट आहे, वाजवणारा नाही.

खाणपट्ट्यातला
भावाला पाठवू? 😄

फोंड्याची वहिनी
नको मरे

मडगावचो झील
१८ जून १९४६ला पोर्तुगीजांची सभाबंदी मोडून लोहिया आणि ज्युलियांव मिनेझिस जिथे उभे राहिले त्या मैदानाजवळ माझं दुकान. आता कुणाला सभा घ्यायची तर पोलिसांची परवानगी, स्पीकरची वेगळी, पावसाचा मांडव घातला तर त्याचं आणखी काहीतरी. लोहियांनी अर्ज केला असता तर तो अजून टेबलावर असता.

सत्तरीची सून
शेळ-मेळावली. जानेवारी २०२१. आयआयटीच्या जागेची मोजणी करायला आले तेव्हा बायका पुढे होत्या, आमची मावशीही. अश्रुधूर सोडला. मावशीला वाटलं काजूच्या रानाला आग लागली. तोंडाला पदर लावून ती उलट धुराकडेच गेली, आग विझवायला. त्याच महिन्यात सरकारने जागा सोडली. पण ज्यांच्यावर गुन्हे घातले त्यांच्या घरी जाऊन विचारा, दर तारखेला रोजगार बुडवून वाळपईला बस धरायची म्हणजे काय. बोलणं फुकट असतं असं कोण म्हणतं?

वकीलबाब
दोन गोष्टी, कोर्टात जायच्या आधी पटकन लिहितो. जमावबंदीचं कलम १४४ म्हणून जे सगळे ओळखतात ते १ जुलै २०२४पासून १६३ झालं, नव्या संहितेत. जमावबंदीचा आदेश तोंडी सांगितला तर लेखी प्रत मागा. आणि फेसबुकवर लिहिलं म्हणून आयटी कायद्याचं ६६अ लावू अशी धमकी कुणी दिली तर हसा. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५मध्येच रद्द केलंय. बार्देशकरीणबाय, काकांना सांगा, माईक काढला हे इतिवृत्तात घालायला लावा. पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचतात तेव्हा सगळे चहाकडे बघत असतात. खरी लबाडी तिथेच होते.

काणकोणचो पात्रांव
चहा देतात तुमच्याकडे??

म्हापशेकर
आज बाजारात बांगडे काय भाव होते कोणी सांगेल का. चुकीच्या जागी विचारतोय माहीत आहे

फोंड्याची वहिनी
विचारू नका, उगाच रक्तदाब वाढेल.

दोन पानां
नावावरून कळलं असेलच. १६ जानेवारी १९६७चा जनमत कौल, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही, आणि आमचं घर. आजोबा 'गोमन्तक'वाले, काका 'राष्ट्रमत'वाले. दोन्ही मराठीच पेपर, एक विलीनीकरणाचा, दुसरा विरोधातला. एकाच पडवीच्या दोन टोकांना बसून वाचायचे. मतदानाची चिन्हं दोन : विलीनीकरणाचं, म्हणजे आजोबांचं, फूल; काकांची दोन पानं. भिंतीवर पानं रंगवली म्हणून आजोबांनी काकांना दोन दिवस पंगतीला घेतलं नाही, आजी मागच्या दाराने पेज द्यायची. पण पेपर कुणी कुणाचा फाडला नाही. निकालानंतर आजोबा बागेत जाऊन माडांना पाणी घालत बसले. काका गेले मागून कळशी घेऊन. आजकाल घरच्या व्हाट्सॲप ग्रुपमधून माणूस सरळ काढून टाकतात.

अनामिक_तिसवाडी
नाव लिहीत नाही. नवरा सरकारी खात्यात. टेकडी वाचवायच्या मोर्चाला पणजीच्या आझाद मैदानावर गेले, मागच्या रांगेत, छत्री पुढे धरून. दुसऱ्या दिवशी साहेबांनी नवऱ्याला केबिनमध्ये बोलावून फक्त विचारलं, "बाईंची तब्येत बरी ना? काल उन्हात दिसल्या." बस्स. नवरा घरी येऊन मला काही बोलला नाही, जेवला, झोपला. तेव्हापासून मी जात नाही. पैसे देते पाण्याच्या बाटल्यांना. आणि गोव्यात कुणाच्या घरात सरकारी नोकर नाही?

केरीचा
^^ हे अगदी. १९९५ला मी शाळेत. नायलॉनचा कारखाना नको म्हणून सगळा भाग उठला होता, नीलेश नाईक पोलिसांच्या गोळीने गेला. कारखाना शेवटी तामिळनाडूत गेला. आमच्या घरी तेव्हा बाबा सरकारी मास्तर. मोर्चाला आई जायची, मोर्चाच्या भाकऱ्या बाबा भाजायचे. जळक्या. पण भाजायचे.

अनामिक_तिसवाडी
तुमच्या बाबांना नमस्कार सांगा 🙏

खाणपट्ट्यातला
मी आता ग्रामसभेत बोलत नाही, माहिती अधिकारात अर्ज टाकतो. दहा रुपये. तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. पहिला अर्ज टाकला तर उत्तराच्या आधी बाबांना पंचाचा फोन, "झिलाक कितें जाय तें आमकां विचार म्हण" (मुलाला काय हवं ते आम्हाला विचार म्हणावं). २००५पूर्वी हेही नव्हतं.

वकीलबाब
होतं. गोव्याचा स्वतःचा माहिती अधिकार कायदा १९९७चा होता, केंद्राच्या आठ वर्षं आधीचा.

खाणपट्ट्यातला
अरे वा. मग पंचाला फोनची सवय तेव्हापासूनचीच असणार.

सत्तरीची सून
अर्ज मराठीत चालतो का? मावशीला इंग्रजी येत नाही, मोजणीचे कागद मागायचे आहेत.

खाणपट्ट्यातला
मी मराठीतच टाकतो. उत्तर इंग्रजीत येतं.

काणकोणचो पात्रांव
उत्तर येतं तुम्हाला! आमचं पहिल्या अपिलात आहे, आणि अपील ज्यांच्याकडे ते रजेवर

सत्तरीची सून
खाणपट्ट्यातले, नमुना अर्ज असेल तर टाका इथे. मावशी शेजारीच बसलीय, म्हणते लगेच लिहूया.