फिरत्या गाडीतून स्वच्छतेचं शिक्षण: वाडीवर दीड तासात काय दाखवावं?

खाडीकाठ:
गुहागर-दापोलीकडच्या वाड्यांवर टेम्पो घेऊन हात धुणं, विहिरीचं पाणी आणि संडासाचा खड्डा हे तीन विषय प्रत्यक्ष दाखवायचे आहेत. एका वाडीला दीड तास. हळद-तेल लावून हात धुवायचा प्रयोग ठेवलाय, पण साबण लागला की हात लाल होतात, पोरं घाबरतात. दुसरं काय वापरावं? विहिरीत टाकायला टीसीएल (ब्लीचिंग पावडर) किती लागेल? आणि ऑगस्टात निघालं तर जमेल का?

सड्यावरचा:
हळद क्षारात लाल होते आणि अंगाचा साबण क्षारीय असतो, ते टळणार नाही. चमचाभर खोबरेलात चिमूटभर वस्त्रगाळ कोळसा कालवा. एकाने नुसत्या पाण्याने हात धुवायचे, दुसऱ्याने साबण लावून 20 सेकंद चोळून. मग काळं कुठे राहिलंय ते पोरांनाच शोधू द्या: अंगठ्याचं मूळ, बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा. भाषणाची गरज उरत नाही. चमकी (ग्लिटर) मात्र नको, ती प्लास्टिकची, धुतली की ओहळात.

ऑगस्ट चालेल, लावणी आटपलेली असते. कोळीवाड्यात मात्र मासेमारीबंदी 31 जुलैला संपते, त्यामुळे बायकांची वेळ लिलावावर ठरते, आधी विचारून घ्या. विहिरींचं काम गणपतीच्या आठवडाभर आधी करा. चाकरमानी आले की त्याच विहिरीवर दुप्पट माणसं. आणि टेम्पो पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) उतरत नाही, सामान दोन पिशव्यांत मावेल एवढंच ठेवा.

रहाट:
टीसीएल अंदाजाने टाकू नका. व्यास × व्यास × पाण्याची खोली (सगळं मीटरमध्ये) × 785 = लिटर. 3 मीटर व्यास आणि 2 मीटर पाणी म्हणजे सुमारे 14,000 लिटर. ताज्या पावडरीत 33 टक्के क्लोरीन असतो, तेव्हा हजार लिटरला अडीच ग्रॅम पुरते. पावसाळ्यातल्या पाण्याला 5 ग्रॅम धरा, म्हणजे या विहिरीला 70 ग्रॅम.

एका बादलीत 100 ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नका. आधी थोड्या पाण्यात लगदा, मग बादली तीन चतुर्थांश भरून ढवळा आणि 10 मिनिटं ठेवा. चुना खाली बसतो, तो विहिरीत जाता कामा नये. वरचं निवळ दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडा आणि दोराने वरखाली हलवा. किमान अर्धा तास पाणी उपसायचं नाही. हे जलसुरक्षकाच्या (ग्रामपंचायतीचा पाणी शुद्ध करणारा माणूस) हातून करून घ्या, तुम्ही निघून गेल्यावर तोच करणार आहे.

पावडर घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवा. तापलेल्या टेम्पोत उघडी पिशवी राहिली तर क्लोरीन उडून जातो आणि पिशवीत नुसता चुना उरतो.

सड्यावरचा:
खड्ड्याबद्दल. 10 मीटरचा नियम सगळे सांगतात, पण तो मातीसाठी. जांभ्यात भेगा असतात, पाणी गाळलं न जाता सरळ धावतं. तिथे खड्डा विहिरीपेक्षा खालच्या उताराला आणि शक्य तितका लांब. पुळणीवर (किनाऱ्याच्या वाळूत) वेगळी अडचण, पावसात भूजल वर चढतं. तिथे खड्डा उंच घ्या, तळ बंद करा, भोवती 50 सेंटीमीटर बारीक वाळूचा थर द्या.

दाखवायला दोन बाटल्यांचे तळ कापून त्या उलट्या टांगा, तोंडाला फडकं. एकीत चाळलेली माती, दुसरीत जांभ्याची खडी. दोन्हींत सारखंच गढूळ पाणी ओता. खडीतून ते जसंच्या तसं, लगेच गळतं.

खाडीकाठ:
अर्ध्या तासाने विहिरीच्या पाण्याच्या नमुन्यात ओटी (ऑर्थोटोलिडिन, क्लोरीन असला की पिवळं होणारं द्रावण) टाकल्यावर पिवळं आलं नाही तर?

रहाट:
निम्मी मात्रा पुन्हा, परत अर्ध्या तासाने तपासा. लिटरला 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरला पाहिजे. रंग 10 सेकंदांच्या आत बघा. त्यानंतर पाण्यातल्या इतर पदार्थांशी जोडला गेलेला, म्हणजे मुक्त नसलेला क्लोरीनही रंग देतो आणि आकडा फुगतो. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन गाळातच संपतो, आधी उपसा करून घ्या.