उन्हाळ्यात वेट प्लेट राखाडी पडतेय, कोलोडियन चौथ्या कोपऱ्यापर्यंत पोचतच नाही

शुक्रवारपेठी
मंडळी, उन्हाळ्यात वेट प्लेट (पत्र्यावर कोलोडियन हे चिकट द्रावण ओतायचं, सिल्व्हर बाथमध्ये म्हणजे सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात बुडवायचं आणि ओलं असतानाच फोटो काढायचा, ती जुनी रीत) केलेलं कुणी असेल तर जरा बघा.

थंडीत सगळं झकास चाललं होतं. तालमीतल्या पैलवानांची पोर्ट्रेट काढतोय, चार बाय पाच, काळा रंग दिलेल्या अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर. ट्रॉफीच्या दुकानात मिळतो तसला. अंगाची लाल माती पुसू देत नाही. कोलोडियनला लाल दिसत नाही, त्यामुळं माती काजळीसारखी काळी उतरते आणि घामाचे ओघळ तेवढे उजळ.

एप्रिल लागला आणि सगळं बिघडलं. कोलोडियन ओतलं की तीन कोपरे होतात, चौथ्याला जाईस्तोवर साय धरते आणि कडेला वळ्या पडतात. डेव्हलपर टाकला की प्रतिमा धाडकन येते आणि मागोमाग सगळ्यावर राखाडी पडदा. शिवाय खालच्या कडेला शिंपल्यासारखे डाग. जागा म्हणजे गच्चीवरची पत्र्याची खोली. डेव्हलपर ३५० मिली पाण्याला हिराकस (फेरस सल्फेट) १५ ग्रॅम, ग्लेशियल अॅसेटिक अॅसिड १४ मिली, अल्कोहोल १८ मिली. सिल्व्हर बाथ ९ टक्के. बाथ खराब झाला म्हणायचा का? चांदीचा भाव बघता नवीन करायची छाती होत नाही.

मिरजवाला
कोलोडियनची बाटली फ्रीजमध्ये ठेव, अर्धं दुखणं तिथंच जाईल.

उद्यमनगर
फ्रीजचं नाव काढू नका. कोलोडियनमध्ये ईथर आहे, ते ३५ अंशाच्या आतच उकळतं. घरच्या फ्रीजच्या आत थर्मोस्टॅटची ठिणगी पडते. बूच जरा सैल राहिलं तर वाफ आत कोंडणार आणि दाराचं बिजागरं शेजाऱ्याच्या गच्चीवर सापडणार. आइसबॉक्स घ्या, बर्फ टाका, बाटली पिशवीत गुंडाळून त्यात ठेवा. ईथरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते. म्हणून खोलीत खाली उदबत्तीसुद्धा नको.

आता भावा, तुझ्याकडं. बाथला हात लावू नकोस अजून. थर्मामीटर आहे का? फोटोचा नसला तर लॅबमधला काचेचा आण. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ही रीत १८५१ ला छापली ती इंग्लंडच्या हवेत. आजही कृतीत जे सेकंद लिहितात ते २० अंशाच्या आसपासचे. तुझ्या पत्र्याखाली दुपारी ३८ असणार. तिथं १५ सेकंदांचं काम ५ सेकंदांत उरकतं, आणि आपला हात तेवढा चपळ नसतो.

आधी धुकं, म्हणजे तो राखाडी पडदा, कुठून येतंय ते पकड. एक प्लेट नेहमीसारखी बाथमधून काढ, होल्डरमध्ये (कॅमेऱ्यात प्लेट धरणाऱ्या चौकटीत) घाल, फोटो न काढताच डेव्हलप करून हायपोत (प्रतिमा पक्की करणाऱ्या द्रावणात) टाक. काळी कुळकुळीत निघाली तर रसायनं ठीक, फोटो काढताना उजेड जास्त पडतोय म्हणायचा. राखाडी निघाली तर डेव्हलपर बर्फात ठेवून २० वर आण आणि तीच परीक्षा परत कर. आता काळी आली तर रोग उष्णतेचा, बाथ निर्दोष. तरीही राखाडी राहिली तर मग बाथ नाहीतर खोलीतला उजेड. छपराच्या पत्र्याला खिळ्यांची भोकं असतात, एप्रिलचं ऊन त्यातून सुईसारखं घुसतं. प्लेट अर्धी पुठ्ठ्यानं झाकून दोन मिनिटं लाल दिव्याखाली ठेव आणि डेव्हलप कर. मधे रेघ दिसली की समज, खोलीतला उजेडच नडतोय.

डेव्हलपर उन्हाळ्याचा वेगळा करायचा. हिराकस १५ चं १० ते १२ वर आण, अॅसेटिक १४ चं २० कर. आम्ही त्यात दहाएक ग्रॅम साखरपण घालतो, काम संथ होतं. कोल्हापूरचा म्हणून गूळ घालशील, तर नको. गुळात साखरेशिवाय बरंच काही असतं. पांढरी साखरच.

आणि एक कुणी सांगत नाही. डेव्हलपमेंट थांबवायला पाणी कुठलं वापरतोस? गच्चीवरच्या काळ्या टाकीचं असेल तर ते दुपारी हाताला चटका देतं. त्यानं डेव्हलपमेंट थांबत नाही, उलट थर कडेनं सुटतो. माठ भरून ठेव.

शुक्रवारपेठी
टाकीचंच वापरतोय दादा. कोलोडियनचं काय करू? आणि हुपरीला आमचे पाहुणे आहेत, ते म्हणतात चांदी तेजाबात (नायट्रिक अॅसिडात) विरघळवून सिल्व्हर नायट्रेट घरीच करून देतो.

उद्यमनगर
पाहुण्यांना नमस्कार सांग, पण दागिन्यातली चांदी नको. तिच्यात तांबं असतं, पाणी निळं येतं आणि ते काढत बसणं आपल्या आवाक्यातलं नाही. बाजारच्या तेजाबात क्लोराइड असेल तर पाणी दुधाळ होतं, चांदी तळाला बसते.

कोलोडियनला कोरडं अल्कोहोल वाढव. १०० मिलीला ५ मिलीपासून सुरू कर, थर उशिरा सुकतो. अल्कोहोलमध्ये पाणी असेल तर थराला सुरकुत्या पडतील. ओतल्यावर थंडीत दहा-पंधरा सेकंद थांबायचास, आता शेवटच्या कोपऱ्याला बोट लावून बघ. चिकट लागलं, ठसा उमटला, की लगेच बाथमध्ये. जुनं लालसर झालेलं कोलोडियन पडलं असेल तर फेकू नकोस, नव्यात मिसळ. वेग कमी होतो, पण धुकं पण कमी. पैलवानाला दोन सेकंद जास्त बसव, बसेल तो.

सांगलीची_ताई
शिंपल्याचे डाग हे प्लेट सुकल्यामुळे. प्लेट थोडी सुकली की कडेला चांदीचं पाणी दाट होतं आणि डेव्हलपर तिथं नीट धरत नाही. थंडीत दहा मिनिटं मिळतात, उन्हाळ्यात चार धरून चाला. बाथमधून काढल्यावर पाठ पुसायची, खालची कड टिपकागदावर टेकवायची. होल्डरमध्ये प्लेटच्या मागे ओला टिपकागद, बाहेरून ओलं फडकं. आणि होल्डरचे कोपरे दर वेळी पुसा, आधीच्या प्लेटचं सिल्व्हर तिथं साचतं आणि वर चढतं. बाथच्या बाबतीत, टाकी गार पाण्याच्या बादलीत उभी करा. पीएच ४ च्या आसपास आहे का बघा, वर गेला असेल तर पातळ नायट्रिकचे दोन-चार थेंब, जास्त नाही. चष्मा घालूनच. सिल्व्हर नायट्रेट डोळ्यात गेलं तर डोळा जातो.

शुक्रवारपेठी
कोरी प्लेट करून बघितली. गरम डेव्हलपरला पावसाळी आभाळासारखी, बर्फातल्या डेव्हलपरला काळीभोर. म्हणजे बाथ वाचला! माठ आणलाय, आई विचारतेय पाणी कुणासाठी. आता पत्रेपण आइसबॉक्समध्ये ठेवू का?

उद्यमनगर
पत्रे नको. वळीव पडून गेल्यावर हवा दमट असते, गार पत्र्यावर दव धरतं आणि कोलोडियन त्यावर बसत नाही. पत्रे खालच्या मजल्यावर फरशीवर ठेव, तेवढं पुरतं. तालमीत सकाळीच जा, जोर-बैठका संपल्या की. नऊनंतर पत्र्याखाली काम करू नकोस.