हायपर-व्ही सर्व्हर ऑफिसच्या पीसीवरून मॅनेज होत नाहीये (वर्कग्रुप, डोमेन नाही)

सर्व्हररूम_कोल्हापूर
मंडळी नमस्कार. आमच्या पतसंस्थेत एक टॉवर सर्व्हर आहे, त्यावर हायपर-व्ही सर्व्हर २०१९ (एकाच मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर), तो फुकटवाला, म्हणजे डेस्कटॉप वगैरे काही नाही, स्क्रीन लावली की कमांडची खिडकी आणि एसकॉन्फिगचा आकड्यांचा मेनू एवढंच दिसतं. त्यावर दोन व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) चालतात, एक अकाउंटिंगचं, एक फाइल सर्व्हर. डोमेन नाही, सगळं वर्कग्रुपवर, म्हणजे प्रत्येक मशीनचे युजर-पासवर्ड त्याचे त्याचे. माझ्या टेबलावरच्या पीसीला विंडोज ११ प्रो आहे, त्यात हायपर-व्ही मॅनेजर टाकलाय. सर्व्हरचं नाव टाकून 'दुसरा युजर म्हणून कनेक्ट करा' केलं, ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड दिला, की विचारतं क्रेडेन्शियल डेलिगेशन (पासवर्ड सर्व्हरकडे सोपवायची सोय) चालू करू का, हो म्हटलं की परत लाल एरर, डेलिगेशन पूर्ण होऊ शकलं नाही.

पिंग लागतं, रिमोट डेस्कटॉपने सर्व्हरवर जाता येतं. ज्यांनी सर्व्हर बसवून दिला त्यांना फोन केला तर म्हणाले फायरवॉल बंद करा, दोन्हीकडची केली तरी तेच, म्हणून परत चालू करून ठेवली. पीसीवर विनआरएमचं (विंडोजची लांबून मॅनेज करायची सर्व्हिस) क्विककॉन्फिग चालवलं तर म्हणतं एक नेटवर्क कनेक्शन पब्लिक आहे, पण माझं लॅन तर प्रायव्हेटच दिसतंय. महिनाअखेर आलीय, अकाउंटिंगच्या व्हीएमची मेमरी वाढवायचीय आणि प्रत्येक वेळी सर्व्हररूममध्ये जाऊन पॉवरशेलवर काम करणं जमत नाही. कोणी केलंय का असं?

पॉवरशेल_ताई
दादा, फायरवॉल परत चालू केलीत ते फार बरं केलंत, पतसंस्थेच्या सर्व्हरवर ती बंद ठेवायला सांगणं बरोबर नाही आणि तुमचा प्रॉब्लेम तिथे नाहीचे.

पिंग लागतं म्हणजे मशीन जिवंत आहे एवढंच कळतं, आणि रिमोट डेस्कटॉप जातो ३३८९ वरून, हायपर-व्ही मॅनेजरचा त्याच्याशी संबंध नाही. २०१२ च्या काळात तो डीकॉम या जुन्या पद्धतीवरून बोलायचा, विंडोज १० आणि सर्व्हर २०१६ पासून विनआरएमवरून बोलतो, पोर्ट ५९८५. म्हणून आधी पीसीवर पॉवरशेल ॲडमिन म्हणून उघडा आणि टेस्ट-नेटकनेक्शन सर्व्हरचं नाव देऊन, पोर्ट ५९८५ लावून चालवा. ट्रू आलं तर टेस्ट-डब्ल्यूएसमॅन त्याच नावाने. हे दोन पास झाले की रस्ता मोकळा आहे, मग उरतं फक्त ओळख पटवणं. नाव पूर्ण टाईप करत बसू नका, दोन-तीन अक्षरं टाकून टॅब दाबा.

आता ते पब्लिकचं. गेट-नेटकनेक्शनप्रोफाइल चालवून बघा, लॅनच्या खाली अजून एखादं दिसेल, 'अनआयडेंटिफाइड नेटवर्क' नावाचं. बहुतेक पीसीवर व्हर्च्युअलबॉक्स नाहीतर कसलातरी व्हीपीएनवाला अडॅप्टर असणार. त्याला गेटवे नसतो म्हणून विंडोज त्याला ओळखत नाही आणि पब्लिक धरतं, आणि एक जरी पब्लिक असलं तरी क्विककॉन्फिग अडून बसतं. तो अडॅप्टर नेटवर्क कनेक्शनमधून तात्पुरता डिसेबल करा, काम झालं की परत चालू करा. खरं तर तुमच्या पीसीत बाहेरून कोणी यायची गरजच नाहीये, तुम्हाला फक्त इथून तिकडे जायचंय, त्यामुळे पीसीवर विनआरएमची सर्व्हिस चालू असली तरी पुरतं. विंडोज ११ वर ती आपोआप चालू नसते आणि ती बंद असेल तर ट्रस्टेडहोस्ट्सला, म्हणजे पीसीने विश्वास ठेवायच्या मशीनच्या यादीला, हातच लावता येत नाही.

मग ट्रस्टेडहोस्ट्समध्ये सर्व्हरचं नाव टाका. आधीचं काही असेल तर सेट-आयटमला कॉनकॅटिनेट लावा, नाहीतर जुनं सगळं पुसून नवीन बसतं. आणि इथे जे नाव टाकाल तेच अगदी तसंच हायपर-व्ही मॅनेजरमध्ये, इथे आयपी आणि तिथे नाव असं केलं की चालत नाही. नाव सापडत नसेल तर पीसीच्या होस्ट्स फाइलमध्ये एक ओळ टाका.

सर्व्हरवर एनेबल-पीएसरिमोटिंग आणि एनेबल-डब्ल्यूएसमॅनक्रेडएसएसपी रोल सर्व्हर, पीसीवर तेच रोल क्लायंट आणि डेलिगेटकॉम्प्युटरला सर्व्हरचं नाव. क्रेडएसएसपी म्हणजेच ते डेलिगेशन. शेवटी पीसीवर जीपीएडिट, कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, सिस्टिम, क्रेडेन्शियल्स डेलिगेशन. तिथे नीट बघा हं, दोन पॉलिसींची नावं जवळजवळ सारखी आहेत. एक नुसती 'फ्रेश क्रेडेन्शियल्स डेलिगेट करायला परवानगी' आणि दुसरी तीच पण मागे 'एनटीएलएम-ओन्ली सर्व्हर ऑथेंटिकेशन' असलेली. डोमेन नाही म्हणजे कर्बरॉस (डोमेनची ओळख पटवायची पद्धत) नाही, उरते जुनी एनटीएलएम, म्हणजे तुम्हाला दुसरीच लागणार. ती एनेबल करा, शो बटण दाबा, यादीत डब्ल्यूएसमॅन, स्लॅश, सर्व्हरचं नाव. मग जीपीअपडेट फोर्स. तुमची जी लाल एरर आहे ना ती नव्वद टक्के इथलीच वाटतेय मला.

नेटवर्कवाले_काका
ताईंनी सांगितलंय ते बरोबर आहे, त्यात दोन गोष्टी माझ्याकडून. ट्रस्टेडहोस्ट्समध्ये स्टार टाकू नका, बऱ्याच जणांचा सल्ला तोच असतो आणि चालतंही लगेच, पण मग तुमचा पीसी कुठल्याही मशीनला खात्री न करता एनटीएलएमने लॉगिन द्यायला तयार होतो. दुसरं, क्रेडएसएसपी म्हणजे तुमचा पासवर्ड खरोखर त्या सर्व्हरच्या हातात जातो. सर्व्हरमध्ये कोणी घुसलं असेल तर त्याच्या मेमरीतून तो काढता येतो. म्हणून त्या ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड दुसऱ्या कुठल्याही मशीनला ठेवू नका, पतसंस्थेत लोकांच्या ठेवींचा डेटा आहे, इथे हयगय नको.

मी स्वतः क्रेडएसएसपी टाळतो. पीसीवर सीएमडीकी ॲडने सर्व्हरचं नाव, युजर म्हणून सर्व्हरचं नाव-बॅकस्लॅश-ॲडमिनिस्ट्रेटर असं साठवून ठेवायचं, पासवर्ड तो स्वतः विचारतो. मग हायपर-व्ही मॅनेजरमध्ये 'दुसरा युजर' वर टिक करायचीच नाही, नुसतं नाव टाकून ओके. ट्रस्टेडहोस्ट्स लागतंच, पण डेलिगेशनची भानगड राहत नाही. आमच्याकडे असंच चालतं.

प्रॉक्समॉक्स_पुणे
एवढा खटाटोप बघून राहवत नाही म्हणून लिहितोय, हायपर-व्हीऐवजी प्रॉक्समॉक्स टाका राव. ब्राउझर उघडा, सर्व्हरचा आयपी, पोर्ट ८००६, लॉगिन, संपलं. व्हीएमचा कन्सोलसुद्धा ब्राउझरमध्येच. आणि हायपर-व्ही सर्व्हर २०१९ ही त्या फुकटच्या लाइनमधली शेवटची आवृत्ती, २०२२ ची आलीच नाही, २०१९ चा सपोर्ट जानेवारी २०२९ ला संपतोय, तेव्हा आज ना उद्या हलावंच लागणार.

पॉवरशेल_ताई
@प्रॉक्समॉक्स_पुणे मुद्दा पटतो पण महिनाअखेरीला चालत्या अकाउंटिंगचा हायपरवायझर (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) बदला असं मी कोणालाच सांगणार नाही. आधी हा प्रश्न सुटू दे, २०२९ च्या आधी शांतपणे टेस्ट मशीनवर व्हीएचडीएक्स (व्हीएमच्या डिस्कच्या फाइली) कन्व्हर्ट करून, विंडोजमध्ये व्हर्ट-आयओ ड्रायव्हर टाकून बघता येईल. आणि दादा, वेगळं काही बसवायचंच असेल तर विंडोज ॲडमिन सेंटर बघा, तेही ब्राउझरमधूनच चालतं आणि त्याला वेगळं लायसन्स लागत नाही. फक्त तेही विनआरएमवरूनच बोलतं, त्यामुळे ट्रस्टेडहोस्ट्सपर्यंतचं सगळं तिथेही लागतंच.

सर्व्हररूम_कोल्हापूर
ताई, काका, झालं! व्हर्च्युअलबॉक्सचा होस्ट-ओन्ली अडॅप्टरच होता. तो डिसेबल केला, क्विककॉन्फिग गेलं. ५९८५ ट्रू, टेस्ट-डब्ल्यूएसमॅनलाही उत्तर आलं. मग पॉलिसी उघडली तर बसवणाऱ्यांनी पहिलीवाली एनेबल करून ठेवलेली, त्यात सर्व्हरचं नावही व्यवस्थित घातलेलं, एनटीएलएमवाली तशीच नॉट कॉन्फिगर्ड. ती भरली आणि दोन्ही व्हीएम डाव्या बाजूच्या नावावर क्लिक केल्याबरोबर दिसल्या. पण काकांचं वाचल्यावर ती पॉलिसी परत काढली, क्रेडएसएसपी दोन्हीकडे डिसेबल केलं आणि सीएमडीकीनेच केलं, त्यानेही चालतंय, म्हणून तेच ठेवतोय. मेमरी रात्री ऑफिस बंद झाल्यावर वाढवतो.

आता एकच. घरून राउटरच्या व्हीपीएनने आलो की परत कनेक्ट होत नाही. ५९८५ फॉल्स. रिमोट डेस्कटॉप मात्र लागतो. लॅपटॉपवर पीसीसारखंच सगळं केलंय, होस्ट्स फाइलसुद्धा.

नेटवर्कवाले_काका
सर्व्हरवर गेट-नेटकनेक्शनप्रोफाइल बघा, तिथेही पब्लिक असणार. सर्व्हर विंडोजवर एनेबल-पीएसरिमोटिंग पब्लिक नेटवर्कवरही चालतं, पण त्या प्रोफाइलचा फायरवॉल रूल फक्त त्याच सबनेटमधल्यांना आत घेतो. तुमचा ऑफिसचा पीसी त्याच सबनेटमध्ये म्हणून चाललं, व्हीपीएनचा पत्ता वेगळ्या रेंजचा म्हणून बाहेर. सेट-नेटकनेक्शनप्रोफाइलने सर्व्हरचं लॅन प्रायव्हेट करा. पण नुसतं तेवढं करून थांबू नका, प्रायव्हेटचा रूल कुठल्याही पत्त्याला उघडा असतो, त्याच्या रिमोट ॲड्रेसमध्ये ऑफिसची रेंज आणि व्हीपीएनची रेंज एवढ्या दोनच टाका.

आणि यादी दिसली पण व्हीएमवर डबल क्लिक केल्यावर कन्सोल उघडला नाही तर घाबरू नका, कन्सोलचा पोर्ट वेगळा आहे, २१७९. राउटरच्या व्हीपीएन रूलमध्ये तोही लागेल. हे दोन्ही पोर्ट थेट इंटरनेटवर फॉरवर्ड मात्र कधीच करू नका, कोणी कितीही सोपं म्हणून सांगितलं तरी.

सर्व्हररूम_कोल्हापूर
काका तसंच होतं, सर्व्हर पब्लिकवर. बदललं, रेंज टाकली, घरून यादी आली. कन्सोलला २१७९ राउटरवर द्यावा लागला, आता तोही उघडतो. मेमरी वाढवून झाली, व्हीएम चालू आहे. मनापासून आभार सगळ्यांचे.

जाता जाता, डिस्क मॅनेजमेंट रिमोटने उघडायला गेलो तर आरपीसी सर्व्हर मिळत नाही म्हणतं. हे पण विनआरएमचंच का?

पॉवरशेल_ताई
नाही, ते अजून जुन्या रस्त्याने जातं. फायरवॉलमध्ये 'रिमोट व्हॉल्यूम मॅनेजमेंट' नावाचा रूल्सचा ग्रुप आहे, तो सर्व्हरवर एनेबल करा आणि तुमच्या पीसीवरही, हे दोन्हीकडे लागतं आणि पीसीवरचंच बहुतेक जण विसरतात. फक्त व्हीएचडीएक्स फाइल वाढवायची असेल तर डिस्क मॅनेजमेंट नकोच, हायपर-व्ही मॅनेजरमधल्या एडिट डिस्कने होतं. त्या व्हीएमला चेकपॉइंट (आधी जतन केलेली स्थिती) असेल तर आधी तो डिलीट करून मर्ज पूर्ण होऊ द्या, मगच डिस्क वाढवा.