बंद भूमिगत खाणीतलं पाणी कुठे जातं, हे कसं शोधावं?

मंडळी, मदत हवी आहे. चंद्रपूरजवळ आमच्या गावाखाली दगडी कोळशाची बंद पडलेली भूमिगत खाण आहे. आतल्या गॅलऱ्या (बोगदे) पाण्याने भरल्यात आणि पावसाळ्यानंतर काही विहिरींना तांबूस पाणी येतं. ते खाणीतलंच का, हे पक्कं करायचंय.

जुन्या शाफ्टमध्ये (खाणीत उतरणाऱ्या उभ्या विवरात) युरानिन हा पाण्याचा माग काढायचा चमकणारा रंग सोडून विहिरींचे नमुने फ्लुओरोमीटरवर (ती चमक मोजणाऱ्या यंत्रावर) तपासावेत, असं एकाने सुचवलं. पण पाणी आम्लधर्मी असेल तर युरानिनची चमक घटते, आणि रोडामाइन हा तसाच दुसरा रंग कोळशाला चिकटतो. शिवाय लोक हेच पाणी पितात, म्हणून मला रंगाची धास्तीच वाटते. त्यापेक्षा आधी विहिरींतलं सल्फेट (खाणीच्या पाण्यात बहुधा जास्त असणारा क्षार), विद्युतवाहकता (विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारं माप) आणि पाण्याची पातळी मोजत राहावी का? कोणी प्रत्यक्ष केलंय? आणि डीजीएमएसच्या (खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या) नागपूर कार्यालयात खाणीचे जुने नकाशे गावकऱ्यांना बघू देतात का?