संध्याकाळचं रडणं: भूक की अतिथकवा, कसं ओळखायचं?

मदत हवी आहे. मुलगी सहा आठवड्यांची आहे, फक्त अंगावरच पिते. दिवसभर ठीक असते, पण संध्याकाळी सहाच्या सुमारास जी किरकिर सुरू होते ती नऊ-साडेनऊपर्यंत थांबत नाही. अंगावर घेतलं की दोन मिनिटं ओढते, मग पाठ ताणून तोंड बाजूला करते, मुठी आवळून रडते आणि लगेच पुन्हा तोंड उघडून शोधायला लागते. तेच बघून माझा गोंधळ होतो.

डॉक्टरांना दाखवून झालंय. वजन छान वाढतंय, शी-शू व्यवस्थित, ताप नाही, उलट्या नाहीत. या वयात रडणं सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांपर्यंत बरंच कमी होतं, असं त्यांनी सांगितलं. ते पटलंय, त्यामुळे औषध किंवा ग्राइप वॉटर सुचवू नका, प्लीज.

ढेकर काढणं, दुपट्यात गुंडाळणं, अंधारी खोली, पंख्याचा एकसुरी आवाज, सगळं करून पाहिलं. उभं धरून फिरवलं की शांत होते, पण सिझेरियन झाल्यामुळे मला फार वेळ उचलून फिरता येत नाही आणि त्या वेळेला घरात दुसरं कोणी नसतं.

संध्याकाळी ती सलग दीड-दोन तास जागी असते, म्हणून अतिथकव्याची शंका येते. ज्यांची बाळं अशी होती त्यांना विचारायचंय: त्या वेळी दर अर्ध्या तासाने पाजत राहिलात, की रडणं सुरू व्हायच्या आधीच, पाचच्या आसपास, झोपवून पाहिलंत? आणि बसल्या बसल्या शांत करायचा कुठला प्रकार चालला?